प्रल्हादचं डबडं

"कुणासाठी?"

प्रल्हादला काहीही मागा, त्याचा पहिला सवाल हा. दोरी मागा, सायकलचा पंप मागा, "कुणासाठी?" पुण्याची नोकरी सोडून तो चुडाव्याला आईकडे परत आला, त्याच आठवड्यात मी त्याच्या दारात शिडी मागायला गेलो, तर हा खुर्चीत बसल्या बसल्या विचारतो, कुणासाठी. मी म्हणालो, "मास्तर असते तर म्हणाले असते, अंगणात हाय, घेऊन जा. तू कोण इचारणारा?" तो हसला. म्हणाला, "तात्या, रागावू नका. तुमच्यासाठी असंल तर लोखंडी न्या, तिच्या पायऱ्या जवळ जवळ हायत, तुमचे गुडघे गेलेत. पोरासाठी असंल तर बांबूची न्या."

मी लोखंडी घेतली. गुडघे गेलेत हे याला कुणी सांगितलं, याचा राग मात्र घरी येईपर्यंत होता.

मी धनगर माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही प्रल्हादच्या वडलांच्या, मास्तरांच्या हाताखाली, मार खात. जन्म मेंढरांमागे गेला. आता मेंढरं पोरगा बघतो, माझ्याकडे दारातली चार शेरडं. मास्तरांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत. मास्तर वारले, मुलगी मंगल गंगाखेडला दिली, घरात मास्तरीणबाई एकट्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. काचबिंदूने बाईंचे डोळे गेलेले. उजेड आला, अंधार झाला, एवढं कळतं. समोर कोण उभं आहे ते आवाजावरून.

लोक आता प्रल्हादचं नाव निघालं की "बिचारा" म्हणतात. तो बिचारा नव्हता. लय तिखट होता. म्हणून हे लिहायला बसलो.

पुण्याला तो यंत्रांच्या आतलं काम करायचा. चाळिशीला टेकलेला, लग्न केलेलं नव्हतं. तिथं असताना एके दिवशी सदऱ्याची गुंडी लागेना. मग हातातून कप पडायला लागला. डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं. त्या रोगात हातापायातली ताकद निघून जाते, मग जिभेतली, शेवटी श्वासातली. डोकं मात्र शेवटपर्यंत साफ राहतं. दवा नाही. हे त्याने मला स्वतः सांगितलं, आमच्या भिंतीजवळ खुर्ची टाकून, भाकरीला मीठ कमी पडलं असं सांगावं तसं.

"जबान बी जाणार हाय, तात्या."

मी म्हणालो, "मुकी माणसं जगतेतच की."

"मुक्याची आई डोळ्यांनी बघती त्याला. माझी आई बघू शकत न्हाई. माझा आवाज बंद झाला की मी घरात हाय का न्हाई, तेच तिला कळायचं न्हाई. मी समोर बसलेलो असंल आणि तिच्यासाठी मेलेलो असंल."

मी शेरडं सोडायच्या निमित्ताने उठलो.

मग त्याचं डबडं आलं. पुण्याहून पार्सलने. त्याच्या जुन्या कंपनीने टाकून दिलेलं एक यंत्र, जेवणाच्या डब्याएवढं, वर छोटा पडदा, बाजूला आवाज येण्याची जाळी. त्याच्या मनात असं होतं, की जीभ आहे तोवर आपला आवाज भरून ठेवायचा. पुढं पडद्यावर अक्षरं एकामागून एक सरकतील, पाहिजे त्या अक्षरावर बटन दाबायचं, आणि डबडं त्याच्याच आवाजात बोलेल. मी म्हणालो, एवढा उपद्व्याप कशाला, फोन बोलतो की आजकाल. तर म्हणाला, "फोनमधली बाई बातम्या दिल्यावानी बोलती. माझ्या आईनं मला हाक मारली आणि त्या बाईनं ओ दिली, तर आई घाबरंल."

आवाज भरायचं काम चालू झालं. त्याने माझ्यावर हुकूम सोडला, शेरडं लांब बांधा. बांधली. तरी एक पाठ, अजून न व्यायलेली शेळी, ओरडलीच. 'पाणी' या शब्दामागे ती कायमची राहिली. 'झोप' या शब्दामागे नांदेडकडे जाणारी गाडी आहे. त्याला ते काढून टाकता आलं असतं म्हणे, त्याने काढलं नाही. "आईला कळंल, घरचाच आवाज हाय."

आता कर्नेलचं सांगतो. मला जसं समजलं तसं. माझ्यापेक्षा शिकलेल्यांनी हसू नये, त्यांच्यातल्या कितीकांना हे माहीत आहे ते मी विचारून बघितलेलं आहे.

डबडं चालू केलं की आत सगळ्यात आधी जो जागा होतो, तो कर्नेल. तो उठून बघतो, घरात कोण कोण आहे. आवाजाची चीप आहे का, बटन आहे का, पडदा आहे का. ज्याची ओळख आधी करून दिलेली नाही, त्याला तो घरात घेत नाही. मी म्हणालो, "म्हंजे मेंढरांच्या वाड्यावरचं कुत्रं म्हण की." प्रल्हाद म्हणाला, "अगदी. आन हे कुत्रं आपणच घडवायचं हाय."

घडवायचं म्हणजे त्याच्या सेटिंगा ठरवायच्या. हजारांनी सवाल असतात. हे पाहिजे का? हो, नाही, किंवा बाजूला ठेव, लागेल तेव्हा हाक मारीन. एक 'हो' चुकला की डबडं उठतच नाही. एक 'नाही' चुकला की उठतं पण मुकं. कोणता चुकला ते सांगत नाही. बदलायचं, पुन्हा तयार करायचं, कार्डावर चढवायचं, डबड्यात घालायचं, बघायचं. एकदा तयार व्हायला अर्धा दिवस जाई. मध्येच लाईट गेली तर जुना लॅपटॉप मान टाकायचा.

आणि खरी गोम पुढंच. डबडं एवढंसं, स्वतःचं कर्नेल स्वतः तयार करायची ताकद त्याच्यात नाही. म्हणून तयार करायचं लॅपटॉपवर, पण लॅपटॉपच्या कामाचं नाही, डबड्याच्या कामाचं. दोघांची हाडंच वेगळी. दुसऱ्याच्या मापाचं घोंगडं विणावं तसं. म्हणून लॅपटॉपला दर वेळेला बजावून सांगायचं असतं, हे कोणत्या यंत्रासाठी आहे आणि कोणत्या हत्यारांनी करायचं आहे. नाही सांगितलं, तर तो विचारत बसत नाही. स्वतःसाठीच आहे असं धरून चालतो. प्रल्हादला ती "कुणासाठी?" ची सवय कुठून लागली, ते मला तेव्हा समजलं. पुण्यात जन्मभर दिवसातून शंभरदा तेच करत होता.

उन्हाळाभर तो त्या सवालांना हो-नाही करत बसला. कर्नेल हलकं पाहिजे हा त्याचा हट्ट. "मला ठसका लागला तर डबड्यानं लगेच उठून आईला हाक मारली पाहिजे. जांभया देत बसलं तर काय कामाचं?" म्हणून नको ते सगळं त्याने काढलं. त्यात एक गोष्ट अशी होती की कर्नेल आपल्या सगळ्या सेटिंगांची नक्कल आपल्या पोटात ठेवून घेतं. तिलाही त्याने 'नाही' म्हटलं. "स्वतःची कुंडली पोटात घेऊन कशाला फिरायचं? वजन वाढतंय."

आणि एके सकाळी डबडं बोललं. मी शेरडाचं दूध काढत होतो. भिंतीपलीकडून प्रल्हादचा आवाज आला, अगदी नितळ, आजाराच्या आधीचा. "आई, चहा ठेव."

बाई आतून म्हणाल्या, "ठेवते रे." आणि भांडं पडल्याचा आवाज आला. कारण प्रल्हादची जीभ तोवर जड झालेली होती. एवढं स्वच्छ बोलणं बाईंनी कित्येक दिवसांत ऐकलेलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा बाई डबड्यावरून हात फिरवत होत्या. प्रल्हादने अंगठ्याने बटन दाबत दाबत अक्षरं वेचली, आणि डबडं मला म्हणालं, "तात्या, शेरडं आवरा." 'शेरडं' या शब्दामागेही भरताना एक शेरडू ओरडलेलं होतं. आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू असेल असं वाटलं नव्हतं.

अंगठा चालेना झाला. बटन दाबायला जोर लागतो, तो अंगठ्यात राहिला नाही. बटन गालाला बांधून बघितलं, गालातही तेवढा जोर नाही. तेव्हा त्याने एक चकती मागवली. नखाएवढी. गालावर चिकटवली की कातडी नुसती हलली तरी तिला कळतं. पण त्या चकतीची बोली वेगळी. तिची ओळख कर्नेलला करून द्यायची, म्हणजे सेटिंगांत आणखी एक 'हो' घालायचा. एवढंच काम. प्रल्हाद म्हणाला, "दुपारपर्यंत हुतंय, तात्या."

त्याचं एकच बोट उरलं होतं. ते बोट उचलून एका अक्षरावर टाकायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढल्यासारखं. कपाळावर घाम यायचा. त्या दिवशी लाईट जाऊन लॅपटॉप बंद पडला होता. असा बंद पडून उठला की कोणासाठी करायचंय ते त्याला नव्याने सांगायचं असतं. प्रल्हाद सांगितलेलंच आहे असं धरून चालला. दोन शब्द. उचलायच्या अक्षरांची काटकसर करायची सवय झालेल्या माणसाने तेवढे दोन शब्द वाचवले.

सेटिंगांची खिडकी उघडली. लॅपटॉपने गुपचूप डबड्याच्या सेटिंगा पुसून आपल्या भरल्या. प्रल्हादने चकतीपुढं 'हो' केलं आणि जतन केलं. मागची एक नक्कल लॅपटॉप आपोआप ठेवतो, एकच. त्याला वाटलं काही राहिलं, म्हणून पुन्हा उघडलं, पुन्हा जतन केलं. ती नक्कलही गेली.

कर्नेल तयार झालं, चढवलं, डबडं काळं. त्याने लॅपटॉपच्या पडद्यावरच्या ओळी मला वर वर सरकवायला लावल्या, बघितलं, आणि त्याचं तोंड असं झालं की मी विचारलं, "विंचू चावला का काय?"

तो त्या जड जिभेने म्हणाला, "गेलं. सगळं गेलं."

"मग पहिल्यासारखं कर. जुनं हाय ना कार्डावर?"

जुनं कर्नेल होतं. ते चढवलं की डबडं उठायचं, बोलायलाही तयार. पण ते चकतीला ओळखत नव्हतं, आणि तिच्यापुरता तुकडा करून त्याला जोडावा, तर ते कोणत्या सेटिंगांवर घडलंय ते माहीत पाहिजे. ते त्याच्या पोटात असायचं, तर पोटातलं प्रल्हादनेच काढलेलं. उन्हाळाभर ठरवलेलं त्याला सगळं आठवणं शक्य नव्हतं. कुणालाच नव्हतं. पुण्याच्या मित्रांना मी फोन लावून दिला. त्यांनी बिचाऱ्यांनी शोधून काही बाही धाडलं, पण ते दुसऱ्या डबड्याचं निघालं.

"दुसऱ्याला इचारीत बसलो जन्मभर," प्रल्हाद म्हणाला. "आन आज..." पुढं त्याला रडू आलं. ज्याला हात उचलता येत नाहीत त्या माणसाचं रडणं बघवत नाही. नाक वाहतं, डोळे वाहतात, आणि तो नुसता बसून असतो. मी उपरण्याने पुसलं. आतून बाई विचारायला लागल्या, "काय झालं? पल्हाद? कोण रडायलंय?" तो मला डोळ्यांनी सांगत होता, बोलू नका. मी म्हणालो, "बाई, लॅपटॉप बिघडलाय. मी दुरुस्त करायलोय."

बाई म्हणाल्या, "तात्या, तुमी?"

त्यांनी ते ज्या सुरात विचारलं, त्या सुरासाठीच मी खुर्ची ओढून बसलो.

"ऱ्हाऊ द्या आता," प्रल्हाद म्हणाला. "बोट न्हाई माझ्याकडं."

"माझ्याकडं दहा हायत."

"तुमाला एबीसीडी येत न्हाई."

"तुझ्या बापानं मला बाराखडी शिकवली तवा तीबी येत नव्हती. मारलं त्यानं. तू मारूबी शकत न्हाईस, भ्यायचं कशाला? सांग, कोणतं?"

"गळाच्या आकाराचं."

"हे?"

"ते न्हाई. त्याच्या अलीकडचं. तात्या, गळ. मासे धरायचा गळ."

"धनगराला गळ इचारतो का? काठीची मूठ म्हण."

असं आमचं सुरू झालं. सकाळी शेरडं सोडली की मी त्याच्याकडे, ती परत येईपर्यंत. एका बोटाने मी अक्षरं दाबायचो, तो सांगायचा. प्रत्येक हुकुमाआधी तो थांबवून विचारायचा, "कुणासाठी?" मी म्हणायचो, "डबड्यासाठी." मगच पुढं. एखाद वेळी चिडून म्हणालो, "तुझ्या सासऱ्यासाठी!" तर म्हणाला, "तेच लिहा, निदान लॅपटॉपसाठी तरी हुणार न्हाई."

पण हसण्याचे प्रसंग कमी. बहुतेक दिवस काळे. डबडं उठायचं नाही. उठलं तर पडदा पांढरा. पडदा आला तर चकती मुकी. एका बाजूने आम्ही सेटिंगा जमवत होतो, दुसऱ्या बाजूने त्याची जीभ जात होती. आधी 'र' गेला, मग 'क' आणि 'ग' यांतला फरक गेला. मग सगळे शब्द एकाच घोंगड्यात गुंडाळल्यासारखे यायला लागले. बाईंना समजेना. त्या विचारायच्या, "तात्या, काय म्हणतोय?" आणि मी त्यांना सांगायचो. मला थोडं जास्त समजायचं, कारण मी दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत असायचो. एकदा मलाही समजेना. मी चार वेळा चुकीचं अक्षर दाबलं. तो डोळे मिटून बसला आणि उघडेना. मी म्हणालो, "उघड." उघडेना. "पल्हाद, मेंढरं फुटली म्हणून धनगर घरी जाऊन झोपतो का रे?" त्याने डोळे उघडले आणि काहीतरी म्हणाला. ते मला नीट समजलं. शिवी होती. त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली. मला लय बरं वाटलं.

डॉक्टर पाहायला यायचे, छातीला नळी लावून ऐकायचे आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे. मंगल गंगाखेडहून आठवड्याला येऊन जायची. ती म्हणायची, "तात्या, कशाला जीव खाता त्याचा? आराम करू द्या की." मी म्हणायचो, "त्याला इचार." ती त्याला विचारायची आणि त्याच्या डोळ्यांतलं उत्तर बघून स्वयंपाकघरात निघून जायची.

ज्या दिवशी डबड्याने चकतीला ओळखलं, त्या दिवशी त्याची जीभ संपलेली होती. पडद्यावर अक्षरं सरकायला लागली. 'क' वर त्याचा गाल थरथरला, 'क' उचललं गेलं. मी ओरडलो, "घेतलं! बाई, घेतलं त्यानं!" बाई भिंतीला धरत धरत आल्या. प्रल्हाद अक्षरं वेचत होता, लय वेळ लागत होता, बाई श्वास धरून डबड्याच्या जाळीकडे कान करून बसल्या. शब्द पुरा झाला. त्याने बोलायच्या खुणेवर गाल हलवला.

काही आलं नाही.

पुन्हा हलवला. नाही. आवाजाच्या चीपला ह्या कर्नेलने घरात घेतलेलं नव्हतं. जुनं कर्नेल चढवलं की डबडं बोलायचं, पण प्रल्हादचं ऐकायचं नाही. नवं त्याचं ऐकायचं, पण बोलायचं नाही. आणि दोन्हींच्या मध्ये कुठलातरी एक 'हो' होता, उन्हाळ्यात त्याने कधीतरी सहज केलेला.

बाई म्हणाल्या, "बोलला का?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. आता तो स्वतः गालाने अक्षरं वेचून मला हुकूम सांगू शकत होता, आणि तो दुसरं काहीच सांगेना. एक हुकूम वेचायला अर्धी सकाळ. गाल दमायचा, लाल व्हायचा. थांबायचा, पुन्हा सुरू. जेवण नको, पाणी नको. बाई शेजारी हात धरून बसायच्या आणि म्हणायच्या, "पल्हाद, मला आवाज नको. तू आहेस एवढं कळू दे, बस्स." तो त्यांना उत्तर देत नव्हता. उत्तरात गाल खर्च झाला असता.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप मिटला. त्याचे डोळे मोठे झाले. मी म्हणालो, "ह्यो तुझा गाल किती दिवसांचा हाय, मला म्हाईत न्हाई, तुला म्हाईत न्हाई. त्यो सगळा ह्या डबड्याशी बोलण्यात घालवणार का आईशी? तुझा आवाज न्हाई येत, न्हाई येत. तू लिही. मी वाचतो."

पडद्यावर अक्षरं आली. हळूहळू. "तुम्हाला वाचता येतं?"

"तुझ्या बापाला जाऊन इचार," मी म्हणालो, आणि जीभ चावली. पण त्याचे डोळे हसले.

वाचन मला येत होतं, पण रोजचं नव्हतं. जोडाक्षरं अडवायची. पहिल्यांदा त्याने लिहिलं ते मी बाईंना बोटाने अक्षर लावत लावत वाचून दाखवलं, "आई, मी इथं हाय." बाईंनी तोंडाला पदर लावला. इकडे पडद्यावर अक्षरं सरकायला लागली. मला वाटलं काही महत्त्वाचं. त्याने लिहिलं, "आहे. हाय नाही."

मी म्हणालो, "एकच हाय ते."

त्याने लिहिलं, "लिहिलंय तसं वाचा."

बाई विचारायला लागल्या, काय म्हणतोय, काय म्हणतोय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मास्तरांचा मुलगा आहे तो, तात्या," आणि रडता रडता हसायला लागल्या. पुढं त्याने माझ्यावर सूड उगवला. एकदा सगळी सकाळ घालवून लिहिलं, "आई, हा म्हातारा फार हट्टी आहे. याला चहात साखर देऊ नको." लिहिलंय तसं वाचायचं ठरलेलं. वाचलं. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा आला.

असे थोडे दिवस मिळाले. त्या दिवसांत त्या घरात माझ्या तोंडून प्रल्हाद बोलत होता, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. माझा आवाज घोगरा, त्याचा नितळ. बाईंना तो पुन्हा कधी मिळाला नाही. जो त्याला द्यायचा होता तो त्याला देता आला नाही, आणि ते त्याच्या डोळ्यांत शेवटपर्यंत होतं. मी वाचत असताना तो कधी कधी डबड्याच्या जाळीकडे बघायचा.

मग छातीत कफ भरला. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली होती, ती यायची होती. श्वास उथळ. मंगल पायाशी, बाई उशाशी. त्याने डोळ्यांनी पडद्याकडे खूण केली. मी डबडं समोर धरलं. गुडघ्यावर टेकवून धरलं. गाल हलायचा, अक्षर यायचं. मध्ये लय वेळ जायचा. पडद्यावर अक्षरं फिरून फिरून येत होती आणि तो वाट बघत होता, पाहिजे ते अक्षर येईल आणि तेव्हाच गालात जोर असेल अशी. "आई," आलं. मग "तू" आलं. मग जागा सोडली. मग अक्षरं सरकत राहिली. क, ख, ग. पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणत होतो, "घे, पल्हाद, कोणतं घ्यायचं ते घे." अक्षरं सरकत राहिली. मंगल किंचाळली तेव्हाही ती सरकतच होती.

तेराव्यानंतर मंगलने मला अंगणात बाजूला घेतलं. म्हणाली, "तात्या, आई सारखी विचारतीय, शेवटी काय म्हणाला. तुमी सांगा ना, 'आई, तू काळजी करू नको' असं होतं म्हणून. तेच असणार की."

"असंल," मी म्हणालो. "लिहिलेलं न्हाई."

"तुमचं काय जातंय? तिला दोन घास गोड लागतील."

"माझं काय जातंय ते इचारू नको, मंगल. त्यानं एकेक अक्षर कसं उचललंय ते तुजी आई बघू शकली न्हाई. मी बघितलंय. त्याच्यात माझं एक घालू?"

ती म्हणाली, "दगड आहात तुम्ही." म्हणू दे. गावातले शहाणेही येऊन मला शिकवून गेले. मी कुणाचं ऐकलेलं नाही.

बाई मला बोलावतात. मी जातो, त्यांच्यासमोर बसतो. त्या म्हणतात, "वाचा तात्या."

"आई, तू."

"पुढं?"

"पुढं काई न्हाई, बाई."

सुरुवातीला त्या रडायच्या. आता 'पुढं?' असं विचारत नाहीत. मी वाचतो, "आई, तू." आणि बाई मान वर करून, दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारल्यासारखं, म्हणतात, "हं, बोल."